लोंगेवाल्याची रात्र

दौंड तालुक्यांतील भांडगांव हें पुणें-सोलापूर रस्त्यावरचें गांव. राजस्थानच्या वाळवंटांतील लोंगेवाल्याशीं त्याचा काय संबंध, असें कोणासहि वाटेल. परंतु १९७१ सालीं जैसलमेरकडील सरहद्द लष्कराच्या ज्या दक्षिण विभागाकडे होती, त्याचें मुख्यालय भांडगांवकरांच्या नित्य जाण्यायेण्यांतल्या पुण्यासच आहे. विभागाचे प्रमुख तेव्हां लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे होते. म्हणून जे. पी. दत्ता यांचा १९९७ सालचा ‘बॉर्डर’ हा बोलपट येथील प्रेक्षकानें अंमळ डोळसपणें पाहावा.

४ डिसेंबरच्या रात्रीं मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालीं पंजाब रेजिमेंटचे सुमारें १२० जवान ठाण्यावर होते. समोरून चाळिसांवर रणगाडे आले. लेफ्टनंट धरमवीर यांच्या गस्तीच्या तुकडीस त्यांची घरघर आधीं ऐकूं आली. मदत मागितली गेली. पण जैसलमेरच्या हंटर विमानांस रात्रीं लढण्याची सोय नव्हती. तेव्हां चांदपुरींपुढें प्रश्न शत्रूस जिंकण्याचा नव्हता, उजाडेपर्यंत जागा न सोडण्याचा होता. काट्यांची तार पाहून पुढें सुरुंग असावेत, अशा शंकेनें शत्रूहि बराच वेळ थबकला. सकाळीं विमानें आलीं आणि मऊ वाळूंत रुतलेल्या, आडोसा नसलेल्या रणगाड्यांचा फडशा पडूं लागला.

बोलपटांत हें सारें आहे. मात्र तोल निराळा आहे. वाट पाहण्यांत गेलेली रात्र तीन तास कशी दाखवावी? म्हणून आरोळ्या, हातघाई आणि मृत्यूंमागून मृत्यु. प्रत्यक्षांत ठाण्यावरचे दोन जवान कामीं आले. पडद्यावर तर एकेक ओळखीचा चेहरा धारातीर्थीं पडतो, आणि प्रेक्षागृहांत पदर डोळ्यांना लागतात. त्या पडलेल्यांत धरमवीर आहेत. वस्तुतः ते वांचले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड हेहि आहेत. त्या रात्रीं त्यांनीं मशीनगन चालविली, १९७२ सालीं त्यांस सेना पदक मिळालें. सुनील शेट्टी यांनीं त्यांची भूमिका केली आणि तींत त्यांस वीरमरण दिलें. स्वतःचें मरण लोकांना रडतांना पाहण्याचा प्रसंग कोणा शिपायावर क्वचितच आला असेल! कथेची गरज म्हणून नट मारावा, हें समजण्याजोगें आहे. पण नांव खरें ठेवून माणूस मारला, कीं गांवोगांवचा प्रेक्षक त्यालाच इतिहास मानून घरीं जातो.

भैरोसिंह १९ डिसेंबर २०२२ रोजीं जोधपूर येथें वारले. पडद्यावर त्यांस जाऊन तेव्हां पंचवीस वर्षें झालीं होतीं.