मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हे पांढऱ्या रंगाचे असेंद्रिय संयुग असून निसर्गात ते ब्रुसाइट या खनिजाच्या रूपात आढळते. ते पाण्यात अत्यल्प विरघळते. त्याच्या पाण्यातील निलंबनास 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणतात. हे नाव केवळ रंगावरून पडले, त्यात दुधाचा अंशही नसतो.

जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया होऊन मॅग्नेशियम क्लोराइड व पाणी तयार होते आणि आम्लपित्ताची जळजळ शमते. खाण्याच्या सोड्याने होतो तसा वायू यात निर्माण होत नाही. मात्र मोठ्या मात्रेत हे संयुग आतड्यात पाणी ओढून घेते व रेचक ठरते. म्हणून अनेक आम्लतारोधक औषधांत त्याच्या जोडीला बद्धकोष्ठता आणणारे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते. शोषले गेलेले मॅग्नेशियम मूत्रावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे अकार्यक्षम असल्यास ते रक्तात साचून जिवाला धोका संभवतो.