स्पोर्ट्स बाईक रोजच्या कामाला परवडते का?

तव्यावर भाकरी असेल तर ती उलटून घ्या आणि रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी पोरं चालवतात, पण हप्त्याच्या कागदावर अंगठा किंवा सही बऱ्याचदा आपली असते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी ५०,००० रुपये कर्ज मागितलं. कारण सांगितलं, शेळ्या घ्यायच्यात. अध्यक्षबाईंनी विचारलं, "किती शेळ्या? कुठल्या बाजारातनं आणणार? बांधणार कुठं?" ताई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? पोराला स्पोर्ट्स गाडी घ्यायचीय. पहिला भरणा करायचाय. दोन दिवस नीट जेवला नाही तो."

बैठकीत कुणी हसलं नाही. कारण हे गाऱ्हाणं निम्म्या घरांतलं आहे. आम्ही त्यांना नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. म्हटलं, आधी हिशेब मांडू. पुढच्या बैठकीला लेकाला घेऊन या.

आता ही स्पोर्ट्स बाईक म्हणजे काय, ते समजून घेऊ. तुम्ही बैलांवरून बघा. शर्यतीचा बैल वेगळा आणि औताचा बैल वेगळा. शर्यतीच्या बैलाचा खुराक मोठा, निगा मोठी आणि तो पळतो काही सेकंद. त्याला कुणी दिवसभर नांगराला जुंपत नाही. त्यात बैलाचा दोष नाही, काम वेगळं आहे.

गाडीचंही तसंच. साधी १०० सीसीची गाडी साधारण ८ हॉर्सपॉवरची असते. १५५ सीसीची स्पोर्ट्स बाईक १८ हॉर्सपॉवरपर्यंत जाते. पण ही सगळी ताकद कधी मिळते? इंजिन मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेतं तेव्हा. आपल्या रस्त्याला खड्डे, गतिरोधक, आडवी येणारी गुरं आणि उसाच्या ट्रॉल्या. तिथं गाडी चाळिशीच्या पुढं फारशी जात नाही. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले, ती बहुतेक वेळा वापरातच येत नाही. शहरातल्या बड्या लोकांच्या स्पोर्ट्स कारचंही हेच दुखणं आहे. वाऱ्याला कापत जावी म्हणून ती जमिनीलगत बनवतात आणि मग साध्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं. काही गाड्यांना तर पुढचा भाग उचलून घ्यायला वेगळं बटण द्यावं लागतं.

पुढच्या बैठकीला ताईंचा मुलगा आला. तोंड फुगवून कोपऱ्यात बसला. वय २२, तालुक्याच्या गावी कारखान्यात कामाला. जायचं-यायचं मिळून रोज ४० किलोमीटर. सकाळी जाताना दुधाचे दोन कॅन डेअरीवर घालायचे. आमच्या खजिनदार बाईंनी त्याला ऐकवलं काही नाही. वही आणि पेन्सिल त्याच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "बाळा, तूच मांड."

पहिला हिशेब पेट्रोलचा. महिन्याला २५ दिवस धरले तर १,००० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं. साध्या गाडीनं लिटरला ६० किलोमीटर दिले तर महिन्याला १,७५० रुपये लागतात. स्पोर्ट्स बाईकनं ४० दिले तर २,६२५ रुपये. फरक ८७५ रुपयांचा. वर्षाला १०,५०० रुपये झाले. आणखी मोठ्या इंजिनाची गाडी ३० देत असेल तर महिन्याचा खर्च ३,५०० रुपये, साध्या गाडीच्या दुप्पट.

दुसरा हिशेब देखभालीचा. स्पोर्ट्स बाईकचे टायर रुंद आणि महाग. पुढचं प्लास्टिकचं आवरण गाडी नुसती उभ्या उभ्या पडली तरी तडकतं. बऱ्याच गाड्यांना इंजिन थंड ठेवायला वेगळं पाणी, म्हणजे कूलंट लागतं. गावातल्या मिस्त्रीकडं तिचं सगळं सामान मिळेलच असं नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचं, म्हणजे त्या दिवसाचा रोजही बुडाला.

तिसरा हिशेब विम्याचा. समोरच्याच्या नुकसानीचा विमा नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीपर्यंतच्या गाडीला ३,८५१ रुपये आणि १५० च्या पुढं ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये. वर कर वेगळा. गाडी १५५ सीसीची असली, म्हणजे फक्त पाच सीसी जास्त, तरी दर वरचाच लागतो.

चौथा हिशेब हप्त्याचा. इथं नीट लक्ष द्या. दुकानात सांगतात, "फक्त १२ टक्के व्याज." पण विचारा, हे व्याज सपाट आहे की घटत्या शिलकीवर? दीड लाख कर्ज, तीन वर्षं, सपाट १२ टक्के असेल तर व्याज ५४,००० रुपये आणि हप्ता ५,६६७ रुपये. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असेल, जसं आपण गटात लावतो, तर व्याज साधारण २९,४०० रुपये आणि हप्ता ४,९८२ रुपये. आकडा तोच, पण सपाट व्याज खरं धरलं तर २१ टक्क्यांच्या आसपास जातं. कारण फेडलेल्या रकमेवरही तुम्ही शेवटपर्यंत व्याज भरत राहता.

पोरानं बेरीज केली आणि पगाराच्या आकड्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "पण मावशी, ब्रेक लई भारी असतात तिचे."

हे त्याचं खरं होतं आणि आम्ही ते मान्य केलं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. पण ब्रेक कितीही भारी असला तरी वेगाचा हिशेब बदलत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं.

मग ताई बोलल्या. तोवर त्या गप्पच होत्या. "आणि मी कुठं बसू?" सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. स्पोर्ट्स बाईकची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढं कललेली. लुगडं नेसून एका बाजूला बसायचं म्हटलं तर धरायला काही नाही. मागं बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारी जाळी पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. पण पोरं दिसायला बरं म्हणून ती जाळीच काढून टाकतात. साडीचा पदर चाकात गेला तर काय होतं, ते आपल्यातल्या काहींनी डोळ्यांनी बघितलंय. आणि दुधाचे कॅन? ते अडकवायला तिथं जागाच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. शेजारच्या गावातल्या गटात एक काकी आहेत. पोराच्या हट्टापायी त्यांनी मोठी गाडी स्वतःच्या नावावर कर्जानं घेतली. रात्री वळणावर वाळू होती, गाडी घसरली. पोराच्या पायात सळई घातली. सगळ्यांना वाटलं, विमा आहे. पण गाडीबरोबर जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो गाडीमालकाचा असतो, तोही मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडं परवाना असेल तर. मालक काकी आणि चालवणारा लेक. म्हणून त्या विम्यातून लेकाला काही मिळालं नाही. गाडी भंगारात पडली, पण हप्ता अजून चालू आहे. काकी तो शेंगा निवडायच्या मजुरीतनं भरतात.

म्हणून सही करायच्या आधी एवढं करा. गाडी जो चालवणार त्याच्याच नावावर घ्या आणि परवाना आधी बघा. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन आहात का, ते कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या, त्यात लाज कसली? व्याज सपाट की घटतं, ते लिहून मागा. मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल तर गाडी हातात देऊच नका. कायद्यानं त्याची शिक्षा पालकाला किंवा मालकाला आहे, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आणि गाडी कुठलीही असो, हेल्मेट दोघांनाही.

स्पोर्ट्स बाईक वाईट आहे, असं मी म्हणत नाही. ज्याची कमाई आहे, ज्याला एकट्यालाच जायचंय, रस्ता चांगला आहे, त्यानं हौस जरूर करावी. वयात हौस असतेच. आपल्यालाही कधीतरी पैठणी घ्यावीशी वाटतेच की. पण पैठणी नेसून कुणी खुरपायला जात नाही.

ताईंच्या मुलाचं काय झालं? तीन आठवड्यांनी तो स्वतःच आईबरोबर आला. १२५ सीसीची साधी गाडी ठरवली होती, मागं कॅन अडकवायला जागा असलेली. गटानं पहिल्या भरण्यासाठी ३०,००० दिले आणि कर्जाच्या वहीत कारण खरं लिहिलं : दुचाकी, कामावर जाण्यासाठी. मुलगा अजून थोडा फुगलेलाच आहे, ते खोटं कशाला सांगू? पण परवा बाजारच्या दिवशी ताई त्याच्या मागं बसून आल्या. एका हातानं कडी धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा हिशेब तुमच्या वहीत मांडून बघा. किलोमीटर तुमचे, पेट्रोलचा भाव त्या दिवशीचा. आणि जमलं तर पेन्सिल पोरांच्या हातात द्या. नमस्कार.