कावीळ, भुईआवळा आणि ‘डॉक्टरकडं औषधच नसतं’

मृगाच्या पावसानंतर लातूर-नांदेडच्या सोयाबीन-तुरीच्या रानात खुरपणी सुरू झाली, की तणाबरोबर भुईआवळाही उपटून बांधावर पडतो. वीतभर रोप, आवळ्यासारखी बारीक पानं आणि पानांच्या खालून रांगेनं लागलेली इवली फळं. या रोपाच्या जोडीनं एक वाक्य हटकून ऐकू येतं: “काविळीला डॉक्टरकडं औषधच नसतं, गावठीच लागू पडतं.” शिकलेसवरलेले लोकही हे ठासून सांगतात, आणि पुरावा म्हणून प्रत्येकाकडं बरा झालेला एक भाचा नाहीतर मेहुणा असतोच.

तो बरा झालेला असतो, हे खरं. कशानं, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. बहुतेक रुग्णांचं शरीर हे विषाणू स्वतःच हटवतं आणि काही आठवड्यांत यकृत सावरतं. रक्तातलं बिलिरुबिन आधी चढतं आणि मग आपोआप उतरतं. आता घरात काय होतं ते पाहा. पहिल्या आठवड्यात दवाखाना गाठला, तेव्हा आकडा ४. चार दिवसांनी ८. “डॉक्टरच्या गोळ्यांनी वाढली” म्हणत पेशंटला गाडीवर घालून जडीबुटी देणाऱ्याकडं नेलं. ठरलेल्या वारी, अनशापोटी, तीनदा पाला घेतला आणि आकडा उतरला. तो उतरणारच होता. श्रेय मात्र पाल्याला गेलं, आणि गावात आणखी एक साक्षीदार तयार झाला.

औषध देणारे अनेक जण पैसाही घेत नाहीत. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कॅन्सर, दारूनं सडलेलं यकृत, हिपॅटायटिस बी, टीबीच्या गोळ्यांचा यकृतावर झालेला परिणाम, या सगळ्यांत डोळे पिवळेच होतात. अडकलेला खडा पाल्यानं निघत नाही. कॅन्सर असेल तर पथ्यपाण्यात गेलेले दोन महिने कुणीही परत आणून देऊ शकत नाही. नुसते डोळे बघून यातलं काय झालंय हे ओळखता येत नाही, जडी देणाऱ्यालाही नाही आणि डॉक्टरलाही नाही. म्हणून रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लागते.

आणि हे सगळं ‘आयुर्वेदात सांगितलंय’ म्हणून खपवलं जातं, तेव्हा खरा संताप येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे, कामला म्हणजे कावीळ त्यातच येते. पित्ताचा मार्ग अडून होणारी कामला तिथं वेगळी काढलेली आहे. तिची खूण म्हणजे वाटलेल्या तिळासारखा फिकट मळ, आणि तिची चिकित्साही वेगळी. म्हणजे सगळ्या काविळींना एकच पाला हे चरकालाही मान्य नव्हतं.

मग भुईआवळ्यात काहीच नाही का? त्याची तपासणी झालेली आहे, तीही गंभीरपणे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधल्याबद्दल नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग यांनीही या वनस्पतीवर काम केलं. 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या त्यागराजन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: भुईआवळा घेतलेल्या 37 पैकी 22 हिपॅटायटिस बी वाहकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, बिनऔषधी पुड्या घेतलेल्या 23 पैकी फक्त एकाच्या. जगभर आशा वाढली. पण 1990 मध्ये त्याच नियतकालिकात थायलंडचा अनुभव छापून आला, त्यात हा परिणाम दिसला नाही. 2011 च्या कॉक्रेन आढाव्यालाही बिनऔषधी पुडीपेक्षा तो सरस असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. त्यामुळं आज भुईआवळ्याच्या भरवशावर हिपॅटायटिस बी अंगावर काढणं चूक आहे.

बाकीच्या समजुती थोडक्यात. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते आधी हाताला चोळलेल्या रसामुळं. निरोग्याचे हात धुतले तरी होतं. काविळीची माळ वाढते, कारण काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. नाकात देवडांगरीचे थेंब टाकल्यावर वाहतं ते पोळलेल्या नाकातलं पाणी, कावीळ नव्हे. हळद बंद करून काही साधत नाही. उसाचा रस चालतो, पण रस्त्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, ते आधी विचारा. पोराला डाग देणं हा निव्वळ छळ आहे.

पाण्याचा मुद्दा आपल्या भागात तर विसरूच नये. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत टँकर, हौद, मिळेल ते पाणी चालवून घेतलं जातं. नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येतं तेव्हा मधल्या दिवसांत रिकाम्या, फुटक्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जातं. गल्लीत दोन-तीन घरांत एकदम कावीळ निघाली, तर पाला शोधण्याआधी पाइप तपासायला लावा आणि पाणी उकळून प्या.

हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि उपचार 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत बीची लस द्यायची असते, ती चुकवू नका. पेशंट गुंगीत जायला लागला, असंबद्ध बोलू लागला, मळ पांढुरका झाला किंवा थंडी वाजून ताप भरला, तर थांबू नका. आणि गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले तर कुणाचंही ऐकत बसू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला त्याच दिवशी नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या.