पडद्यावरचे वऱ्हाड

गाडगे महाराजांचे अखेरचे कीर्तन म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झाले आणि आपल्या सुदैवाने ध्वनिमुद्रित होऊन राहिले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक महाराजांनी देह ठेवला. परंतु शेंडगावी जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखून वाढलेल्या त्या पुरुषाचा आवाज, त्याचा हेल, प्रश्न टाकून श्रोत्यांच्या तोंडून उत्तर वदवून घेण्याची त्याची रीत, हे सारे त्या मुद्रणामुळे आजही कानी पडते. चरित्रपटात एखाद्या थोर पुरुषाची भूमिका करणाऱ्या नटास बहुधा कल्पनेवर भिस्त ठेवावी लागते. गाडगे महाराजांची भूमिका करणाऱ्याला मात्र ती सवलत नाही, कारण अस्सल साक्ष दप्तरी दाखल आहे.

१९७७ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. लागू मूळचे साताऱ्याचे, शिक्षणाने कान-नाक-घशाचे शल्यवैद्य, आणि त्यांची वाणी पुणेरी रंगभूमीवर घडलेली; तर महाराजांना जाऊन त्या वेळी एकवीस वर्षेच झालेली असल्याने त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेली हजारो माणसे अमरावती-अकोल्याकडे हयात होती. अशा श्रोत्यांच्या मुलखात त्यांच्याच संताच्या मुखाने बोलणे हे धैर्याचे काम होते. माझ्या मते त्या भूमिकेचे बळ एकेका अक्षराच्या वऱ्हाडीपणात शोधू नये. समोरच्या अडाणी श्रोत्याला आपल्याहून अधिक कळते अशा श्रद्धेने प्रश्न विचारण्यात, आणि विचारून थांबण्यात, ते आहे.

परक्या मुलखाची बोली नटाने किती हुबेहूब उच्चारावी, आणि ती तशी न उच्चारल्यास काही बिघडते काय, हा प्रश्न जगभर चर्चिला जातो. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) या चित्रपटात डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटाने लंडनच्या कष्टकरी वस्तीची बोली जशी बोलून दाखवली, तिची थट्टा इंग्लंडात अर्धशतक चालली. उलट ‘सोफीज चॉइस’ (१९८२) मध्ये पोलंडहून आलेल्या स्त्रीची भूमिका करताना मेरिल स्ट्रीप यांनी तिच्या मोडक्या इंग्रजीत तिचे सारे गतायुष्य उभे केले. ‘चेर्नोबिल’ (२०१९) या मालिकेच्या कर्त्यांनी तिसराच मार्ग पत्करला: रशियन पात्रे आपापसांत बोलत असता ती परकी नसतात, तेव्हा त्यांच्या तोंडी रशियन वळणाचे इंग्रजी घालण्याचे कारण नाही, असे ठरवून त्यांनी नटांना ज्याच्या-त्याच्या स्वाभाविक उच्चारांत बोलू दिले. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. वऱ्हाडातली नवरा-बायको चुलीपाशी बोलतात तेव्हा ती ‘बोलीभाषा’ बोलत नसतात, नुसती बोलत असतात. मात्र तेथे रशियनचे इंग्रजी झालेले होते, येथे भाषांतराचा पडदा नाही. पात्र मराठीच बोलते आणि ऐकणाराही मराठीच असतो. म्हणून ती मोकळीक जशीच्या तशी आपल्याला घेता येत नाही.

आता वऱ्हाडी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण नकलाकारांची फसगत येथेच होते. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया होते. ‘मला, तुला’ यांचे ‘मले, तुले’ होते. ‘का’ऐवजी ‘काहून’ विचारतात. काम चालू असल्यास ‘करून राहिलो’ म्हणतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात या बोलीचा विचार झालेला आहे, आणि निजामाचा अंमल, १८५३ नंतरचा इंग्रजी कारभार, १९०३ पासूनची मध्यप्रांताशी जोडणी अशा स्थित्यंतरांतून या मुलखाच्या तोंडी फारसी व हिंदी शब्द का रुळले, तेही उघड आहे. एवढे चार-पाच विशेष एका दुपारी पाठ करता येतात. मुंबई-पुण्याचे पुष्कळ नट तेवढेच पाठ करतात, आणि मग अमरावतीच्या वकिलापासून दर्यापूरच्या सालदारापर्यंत प्रत्येक पात्र एकाच पट्टीत ‘काहून’ आणि ‘मले’ उधळू लागते. प्रत्यक्षात शिकलेला वऱ्हाडी माणूस ‘ळ’ नीट उच्चारतो, पण ‘करून राहिलो’ त्याच्या तोंडचे सुटत नाही. तोच माणूस कचेरीत एक बोलतो, शेतावर गड्याशी दुसरे आणि आईशी तिसरे. बोलीच्या या पायऱ्या, वाक्याच्या शेवटी स्वर लांबवण्याची लकब, नागपूरकडच्या अधिक हिंदीमिश्रित धाटणीहून असलेले वेगळेपण, हे कोणत्याही टिपणवहीत उतरवून घेता येत नाही. ते कानाने, आणि पुष्कळ दिवसांच्या सहवासानेच येते.

या अज्ञानाला इतिहास आहे. मराठी चित्रपटाचा संसार दीर्घकाळ कोल्हापूर-पुण्यात नांदला, आणि त्यामुळे पडद्यावरचे खेडे म्हणजे पंचगंगेकाठचे खेडे असा जणू सरकारी दाखलाच झाला. चित्रपट-वितरणाच्या व्यवसायात ‘सी. पी. बेरार’ हा स्वतंत्र विभाग मानला गेला. म्हणजे वऱ्हाडचा पैसा खतावणीत वेगळा मांडला जात होता, पण वऱ्हाडची वाणी पडद्यावर वेगळी ऐकू येत नव्हती. आली ती बहुधा हवालदाराच्या, घरगड्याच्या किंवा वेंधळ्या पाहुण्याच्या मुखाने.

भारत गणेशपुरे हे अमरावती जिल्ह्यातले अभिनेते. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमातून त्यांची अस्सल वऱ्हाडी घरोघर पोचली, आणि आपल्या बोलीची पुण्या-मुंबईत लाज बाळगणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी मुलांना त्यामुळे धीर आला, हे उपकार लहान नव्हेत. तरीही मनाला एक गोष्ट टोचते. अस्सल उच्चार असूनही ही बोली पडद्यावर हशासाठीच बोलावली जात असेल, तर उच्चारांची शुद्धता एकटी काय करील? ज्या बोलीत कर्ज फिटत नाही म्हणून रात्र जागून काढणारा बाप बोलतो, त्या बोलीत तो बाप पडद्यावर कधी बोलणार?

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात तो बोलला. कापूस पिकवणाऱ्या किसनाची भूमिका गिरीश कुलकर्णी यांची, त्याची बायको अलका हिची भूमिका सोनाली कुलकर्णी यांची आणि सासूची ज्योती सुभाष यांची. तिघेही वऱ्हाडाबाहेरचे कलावंत. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यापासून आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने अलका मुलाला सावलीसारखे त्याच्या मागे लावते, सण नसताना गोडधोड रांधते. तिच्या वऱ्हाडीत कसून शोधल्यास उणे काढता येईलही. पण तिची भीती या मातीतली आहे, आणि ती त्याच बोलीत तिच्या घशाशी येते, तेव्हा कान उच्चारांची झडती घेणे सोडून देतो. अस्सलपणा महत्त्वाचा आहे, असे मी ठामपणे म्हणतो ते या अर्थाने: पात्राने त्या बोलीत विचार केला पाहिजे, रडले पाहिजे, गप्प बसले पाहिजे. बोली केवळ वेषासारखी अंगावर चढवली, तर दुःखही उसने वाटू लागते.

नट परक्या मुलखाचा असू नये, असा हट्ट मात्र कोणी धरू नये. परतवाड्यात जन्मलेले, ऐन तारुण्यात गाडगे महाराजांच्या संगतीत राहिलेले गो. नी. दांडेकर ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडीत लिहू शकले आणि ‘पडघवली’त कोकणही बोलते करू शकले. लेखकाला जे साधले ते नटास का साधू नये? त्यासाठी महिना-दोन महिने मूर्तिजापूर किंवा अंजनगावच्या बाजारात, कापसाच्या गाड्यांपाशी बसले पाहिजे, आणि निर्मात्याने अंदाजपत्रकात त्या मुक्कामाची तरतूद केली पाहिजे. बोली शिकवणारा माणूस त्याच गावचा असावा, त्याला मोबदला मिळावा आणि वेशभूषाकाराच्या नावाशेजारी श्रेयनामावलीत त्याचेही नाव यावे. आणखी एक काम रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाने हाती घेण्याजोगे आहे: मेळघाटच्या पायथ्यापासून बाळापूर-पातूरपर्यंत, तालुक्या-तालुक्यातील वृद्ध स्त्री-पुरुषांची साधी बोलणी, पेरणीची, लग्नाची, उधारीची, ध्वनिमुद्रित करून ती कोणाही नटास ऐकता येतील अशी ठेवावीत. महाराजांचे एक कीर्तन मुद्रित झाले म्हणून आज आपण निदान ताडून पाहू शकतो. ज्या बायका अजून कपाशीला ‘पऱ्हाटी’ म्हणतात आणि ‘इहिरी’वर पाणी भरल्याच्या आठवणी सांगतात, त्यांचे बोलणे टिपून घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.