खांदा दुखतो म्हणून हात बांधून ठेवू नका

गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, की दुखण्यांच्या गोष्टी निघतात. त्यात खांदा हमखास असतो. मांडणीवरचा डबा काढता येत नाही, वेणी घालताना हात मागे जात नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही. मग आपण बाम चोळतो आणि हात पोटाशी धरून बसतो. पण फार दिवस हात हलवलाच नाही, तर खांदा आणखी आखडतो.

खांद्याच्या सांध्याची वाटी उथळ असते. म्हणून त्याला स्नायूंचा आधार फार लागतो. हात वर जाताना पाठीवरचं पातंही फिरावं लागतं. पात्याला धरणारे खालचे स्नायू अशक्त झाले, की मानेजवळचे स्नायू त्यांचंही काम ओढतात. गटाचं सगळं काम दोघींवरच पडलं तर त्या थकणारच ना? तसंच इथे होतं. खांदा कानाकडे चढतो, मान भरून येते.

मोठ्या शहरांतल्या काही फिजिओथेरपी केंद्रांत यासाठी बायोफीडबॅकचं यंत्र वापरतात. कातडीवर चिकटपट्ट्या लावतात. स्नायू काम करतो तेव्हा त्यात अगदी बारीक वीज तयार होते. यंत्र ती टिपतं आणि पडद्यावर रेघ दाखवतं किंवा आवाज करतं. कोणता स्नायू ताणला जातोय आणि कोणता आळसावलाय, ते बाईला स्वतःलाच कळतं. यात शॉक बसत नाही. पण यंत्र फक्त दाखवतं. स्नायूला वळण लागतं ते व्यायामानेच.

यंत्र नसलं तरी आरसा आहे, मैत्रीण आहे.

पहिला व्यायाम: ताठ बसा. दोन्ही पाती मागे आणि किंचित खाली ओढा. ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा. मैत्रिणीने आपल्या मानेजवळ हलका हात ठेवावा. तिथे कडक लागलं, की तिने सांगावं, "खांदा सैल सोड."

दुसरा: भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर हळूहळू वर चालवा. खांदा कानाकडे चढू लागला, की तिथेच थांबा.

तिसरा: चांगला हात टेबलावर टेकून वाका. दुखरा हात सैल सोडून झोक्यासारखा हलवा.

थोडा ताण जाणवला तर चालेल. पण कळ थांबेना किंवा रात्री दुखणं वाढलं, तर व्यायाम कमी करा. फरक दिसायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका.

पडल्यानंतर हात उचलत नसेल, सांध्याला सूज आणि ताप असेल, हाताचं बळ कमी झालं असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. हात दुखताना छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर क्षणभरही थांबू नका, लगेच दवाखान्यात जा.

आणखी एक. खांदा आखडण्याचा त्रास ४० ते ६० वयात आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. मधुमेह असेल तर तो धोका आणखी वाढतो. म्हणून खांदा धरला असेल, तर आरोग्य केंद्रात रक्तातली साखरही तपासून घ्या.

पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले, की १० मिनिटं पात्यांचा व्यायाम करू या. दोघी-दोघींच्या जोड्या लावून.