प्रणाली नवी, एक्स्टेन्शन जुने!

रात्री 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' ही सूचना दिसते आणि वापरकर्ता होकाराचे बटण दाबून मोकळा होतो. थोड्या वेळात लिनक्सची संपूर्ण कार्यप्रणाली बदलते, संगणक पुन्हा सुरू होतो, पासवर्डही स्वीकारला जातो. समोर येणारा पडदा मात्र ओळखीचा नसतो. तळाची पट्टी नाहीशी झालेली असते, प्रोग्रॅमची यादी उघडणारे बटण सापडत नाही, कधी कधी तर 'काहीतरी बिघडले आहे' एवढाच संदेश पडद्यावर झळकत राहतो. वास्तविक पडद्यामागे कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या फायली सर्व काही जागच्या जागी सुखरूप असते. पण हे ठाऊक नसल्याने काही जण घाबरून डिस्क पुसतात आणि प्रणाली नव्याने बसवतात. अपग्रेडने जे हिरावले नव्हते, ते या घाईत कायमचे गमावले जाते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर जुना संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर लिनक्स बसवण्याचा मार्ग काहींनी पत्करला. विंडोजची सवय असलेल्या अशा घरांत पडदा ओळखीचा दिसावा म्हणून 'डॅश टू पॅनेल' किंवा 'आर्क मेनू' यांसारखी एक्स्टेन्शन बसवली जातात. अपग्रेडनंतर रुसतात ती बहुधा हीच. हा बिघाड नेमका कुठे होतो आणि शांतपणे कसा शोधावा, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

खिडक्यांचा कारभारी

पडद्यावरील प्रत्येक खिडकीला चौकट देणे, ती हलवणे, लहानमोठी करणे, एकीमागे दुसरी झाकणे या सर्व कामांसाठी लिनक्सवर विंडो मॅनेजर नावाची आज्ञावली असते. विंडोजमध्ये हे काम प्रणालीच्या पोटातच चालते. लिनक्सवर मात्र हा कारभारी बदलता येतो, नटवता येतो आणि त्याला नवी कामेही शिकवता येतात. उबुंटू आणि फेडोरा या लोकप्रिय प्रणालींवर जो ग्नोम डेस्कटॉप दिसतो, त्याच्या कारभाऱ्याचे नाव मटर. पट्टी, मेनू, सूचना दाखवणारे 'ग्नोम शेल' हे रचनेच्या दृष्टीने मटरलाच जोडलेले एक अंग आहे. एक्स्टेन्शन या शेलमध्ये शिरून काम करतात.

कारभाऱ्याच्या जोडणीने घर बंद पाडण्याची ही कहाणी नवी नाही. २००६ साली नोव्हेल कंपनीतील डेव्हिड रेव्हमन यांनी 'कॉम्पिझ' हा विंडो मॅनेजर लोकांसमोर आणला. घनासारखा फिरणारा डेस्कटॉप आणि लवचिक कागदाप्रमाणे डुलणाऱ्या खिडक्या पाहून वापरकर्ते हरखून गेले होते. हे सारे चमत्कार कॉम्पिझला जोडलेल्या प्लगिनांचे होते. पुढे २०११ साली उबुंटूने आपला 'युनिटी' डेस्कटॉपच कॉम्पिझचे प्लगिन म्हणून सादर केला. परिणामी सेटिंगच्या खिडकीत एका चौकोनातील खूण चुकून काढली, तरी पट्टी आणि मेनू दोन्ही एकदम गायब होत. २०१७ साली उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळली. तंत्र बदलले, दुखणे मात्र तेच राहिले.

करार नसलेला पोटभाडेकरू

ब्राउझरच्या एक्स्टेन्शनला ठरवून दिलेल्या चौकटीत राहावे लागते. ग्नोमच्या एक्स्टेन्शनवर तसे बंधन नाही. जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेली ही आज्ञावली शेलच्या प्रक्रियेतच चालते आणि शेलच्या अंतर्गत भागांना थेट हात घालू शकते. तिची शक्ती यातच आहे आणि जोखीमही यातच. शेलच्या आतील रचना जशीच्या तशी राहील, असे कोणतेही वचन ग्नोमने एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना दिलेले नाही. करार न करता राहणाऱ्या पोटभाडेकरूसारखी ही अवस्था आहे. मालकाने आतली एखादी भिंत पाडली, की भाडेकरूचे कपाट कोसळणारच.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. म्हणून प्रत्येक एक्स्टेन्शनसोबत एक छोटी माहिती-फाइल असते व ते शेलच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालते याचे आकडे तीत नोंदलेले असतात. शेल सुरू होताना हे आकडे तपासते. आपली आवृत्ती त्यांत नसेल तर एक्स्टेन्शन 'कालबाह्य' ठरवून बाजूला ठेवले जाते. अपग्रेडनंतर पट्टी नाहीशी होण्याचे सर्वांत साधे कारण हेच असते. येथे काहीही मोडलेले नसते, फक्त प्रवेश नाकारलेला असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ ने मात्र मोठी दरी निर्माण केली. शेलमधील जावास्क्रिप्टचे भाग एकमेकांना बोलावण्याची जुनी पद्धत सोडून भाषेची प्रमाणित 'मॉड्यूल' पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे ४४ पर्यंतची एक्स्टेन्शन ४५ वर चालेनात आणि ४५ साठी लिहिलेली जुन्या शेलवर चालेनात. प्रत्येक लेखकाला आपले काम नव्याने जुळवून घ्यावे लागले. उबुंटू २२.०४ मध्ये ग्नोम ४२ होते, तर २४.०४ मध्ये ४६ आहे. म्हणजे या दोन दीर्घकालीन आवृत्त्यांमधील एकाच उडीत ही दरी ओलांडली जाते. दर सहा महिन्यांनी बदल न करणारा सावध वापरकर्ताच नेमका या उडीत अडखळतो.

इमारत नवी, सामान जुने

प्रणाली बदलली, मग एक्स्टेन्शन का बदलले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फायलींच्या जागेत आहे. एक्स्टेन्शन दोन ठिकाणी असू शकतात. पहिली जागा प्रणालीची. उबुंटूची डावीकडील पट्टी हेही एक एक्स्टेन्शनच आहे. पण ते प्रणालीसोबत येते आणि तिच्यासोबतच बदलते. दुसरी जागा वापरकर्त्याच्या 'होम' फोल्डरमधील. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली एक्स्टेन्शन येथील एका दडलेल्या फोल्डरमध्ये राहतात. अपग्रेड करणारी आज्ञावली होम फोल्डरला हात लावत नाही. वापरकर्त्याच्या कागदपत्रांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यही आहे. त्यामुळे इमारत नवी होते आणि खोलीतील सामान जुनेच राहते.

तिसरी शक्यता बाहेरच्या भांडारांची. उबुंटूचे अपग्रेड सुरू होताना अशी भांडारे बंद केली जातात. तेथून बसवलेली जोडणी मग अपग्रेडनंतरही जुन्याच रूपात मागे राहू शकते.

निदान कसे करावे?

पहिली पायरी म्हणजे दोष एक्स्टेन्शनमध्येच आहे का, याची खात्री करणे. पडदा निदान वापरण्याजोगा असेल तर 'एक्स्टेन्शन्स' या अ‍ॅपमधील सर्वांत वरचे बटण बंद करावे. सर्व एक्स्टेन्शन एका झटक्यात थांबतात. त्यानंतर बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे. त्रास थांबला तर संशय खरा ठरला. थांबला नाही, तर ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर किंवा अन्य काही कारण शोधावे लागेल.

पडदा पूर्ण काळा असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. केवळ अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नेहमीचे नाव व पासवर्ड देता येतो. होम फोल्डरमध्ये 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'ग्नोम-शेल' आणि त्याच्या आत 'एक्स्टेन्शन्स' असा क्रम आहे. या शेवटच्या फोल्डरचे नाव बदलावे. ते पुसू नये. संगणक पुन्हा सुरू केल्यावर शेलला हे फोल्डर सापडत नाही आणि ते मूळ रूपात उभे राहते. एक्स्टेन्शनच्या आवडीनिवडी वेगळ्या ठिकाणी साठवलेल्या असल्याने त्याही शाबूत राहतात. पुढे जुने नाव परत दिले, की सारे पूर्ववत होते.

आणखी एक सोपी कसोटी म्हणजे संगणकावर नवे वापरकर्ता-खाते उघडून त्यात लॉग-इन करणे. तेथे सर्व सुरळीत दिसले तर प्रणाली निर्दोष आहे आणि दोष जुन्या खात्यातील जोडण्यांत किंवा सेटिंगमध्ये आहे, हे स्पष्ट होते. डिस्क पुसण्याचा विचार मनात येण्यापूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा अवश्य घ्यावी.

आता अपराधी शोधायचा. एक्स्टेन्शन १२ असतील तर एकेक सुरू करून पाहणे कंटाळवाणे होते. त्याऐवजी निम्मी, म्हणजे ६ सुरू करावीत. त्रास दिसला तर दोष या सहांत, न दिसला तर उरलेल्या सहांत. पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी. फार तर चार प्रयत्नांत नाव हाती लागते. कधी कधी मात्र दोष एकाचा नसतो. पट्टीची जागा बदलणारी दोन एक्स्टेन्शन एकत्र आली, की भांडण होते. निम्म्या-निम्म्या गटात त्रास दिसत नाही आणि सर्व एकत्र सुरू होताच तो परततो, तेव्हा ही जोडी शोधावी.

या शोधात प्रणालीची रोजनिशी मोठी मदत करते. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने ती वाचता येते. शेलच्या नोंदींत 'जेएस एरर' अशी ओळ दिसली, तर तिच्या आसपास बहुधा त्या एक्स्टेन्शनच्या फोल्डरचे नाव असते. हे नाव ई-मेलच्या पत्त्यासारखे दिसते, त्यामुळे चटकन ओळखू येते.

येथे एक बदल ध्यानात ठेवायला हवा. पूर्वीच्या एक्स-११ पद्धतीत आल्ट आणि एफ-२ दाबून 'आर' हे अक्षर दिले, की उघडे प्रोग्रॅम तसेच ठेवून शेल नव्याने सुरू करता येत असे. वेलँड पद्धतीत ही सोय नाही. तेथे शेल आणि पडद्याचा सर्व कारभार एकाच प्रक्रियेत असल्याने शेल कोसळले तर उघडे प्रोग्रॅमही बंद पडतात व न साठवलेले काम जाते. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० पासून मुख्य डेस्कटॉपला वेलँडचाच पर्याय उरला आहे. म्हणून प्रयोगांपूर्वी हातातील काम साठवावे आणि प्रत्येक बदलानंतर बाहेर पडून पुन्हा आत यावे.

एक घातक मोह

माहिती-फाइलमध्ये नव्या आवृत्तीचा आकडा हाताने लिहावा, किंवा शेलची आवृत्ती-तपासणीच बंद करावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. किरकोळ बदल असताना ही युक्ती कधी कधी चालून जाते. ४५ ची दरी मात्र आकडा बदलून ओलांडता येत नाही, कारण आज्ञावलीच वेगळ्या पद्धतीची आहे. शिवाय पहारेकऱ्याला रजा दिल्यावर ज्याला दारातच अडवले असते, तो पाहुणा घरात शिरून सारा पडदा पाडू शकतो.

सरळ उपाय वेगळा आहे. ग्नोमच्या संकेतस्थळावर एकाच एक्स्टेन्शनच्या वेगवेगळ्या शेलसाठीच्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास जुने काढून तेच एक्स्टेन्शन पुन्हा बसवल्यावर काम होते. उपलब्ध नसेल तर वाट पाहावी किंवा दुसरा पर्याय निवडावा. यांपैकी बरीच एक्स्टेन्शन फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळली जातात. 'चालत नाही' एवढेच कळवण्यापेक्षा शेलची आवृत्ती, प्रणालीचे नाव आणि रोजनिशीतील त्या ओळी पाठवल्या, तर लेखकाचे काम हलके होते.

आधीच घ्यावी काळजी

पुढच्या अपग्रेडपूर्वी अर्धा तास खर्च केला, तर हा सर्व व्याप टळतो. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. एक्स्टेन्शनची यादी करावी. 'एक्स्टेन्शन मॅनेजर' या स्वतंत्र अ‍ॅपमध्ये अपग्रेड-साहाय्यक आहे. येऊ घातलेली आवृत्ती निवडली, की बसवलेल्या एक्स्टेन्शनपैकी कोणती तिच्यावर चालतील हे तो सांगतो. सर्व एक्स्टेन्शन बंद करून मगच अपग्रेड करावे आणि नंतर ती एकेक करून सुरू करावीत.

अशी यादी करताना काही एक्स्टेन्शन कधी बसवली हेही आठवत नाही, असा अनुभव येतो. त्यांना अपग्रेडची वाट न पाहता निरोप द्यावा. उरतील त्यांपैकी रोजच्या कामाला खरोखर लागणारी बहुधा दोन-तीनच असतात. तेवढ्यांची काळजी घेणे कोणालाही जमण्याजोगे आहे, आणि एखाद्या सकाळी पट्टी दिसली नाही तरी कागदपत्रे आपल्या जागी आहेत हे ठाऊक असल्यावर हात डिस्क पुसण्याच्या बटणाकडे जात नाही.