फुफ्फुसातला प्रत्येक ‘पॅच’ विषाणूचा नसतो

‘स्कोअर किती आला?’ २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत बेळगावात, खानापुरात, निपाणीत दोन माणसे फोनवर बोलू लागली की पहिला प्रश्न हाच असे. पंचवीसपैकी आठ म्हटले की हुश्श, अठरा म्हटले की घर चिडीचूप. फुफ्फुसाचे पाच भाग, प्रत्येक भागाला शून्य ते पाच गुण आणि त्यांची बेरीज. दहावीच्या मार्कांसारखी ती सर्वांच्या तोंडी बसली. ती लाट ओसरली, पण एक समजूत मागे ठेवून गेली. छातीच्या स्कॅनमध्ये पांढरे काही दिसले की ते विषाणूचेच! मी क्ष-किरण तज्ज्ञ आहे, स्कॅन वाचणे हे माझे रोजचे काम. तो स्कोअर आजार किती पसरला ते सांगतो, कोणता आजार आहे ते सांगत नाही, हे त्या दिवसांत रोज कुणाला तरी समजवावे लागे. अजूनही लागते.

विषाणूच्या न्यूमोनियासारखाच दिसणारा एक दुसरा आजार आहे. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा बाहेरच्या जंतूंऐवजी आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, स्नायूंवर उलटते आणि बऱ्याच जणांत फुफ्फुसांवरही. आमवात, स्क्लेरोडर्मा, ल्युपस, स्नायूंचा दाह, डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन हे सगळे या घराण्यातले. यांत फुफ्फुसाची जाळी सुजते आणि वेळीच आवरले नाही तर जून व्रणासारखी घट्ट होते. घट्ट झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. म्हणून हा आजार विषाणूचा म्हणून काढलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

आपल्या भागात एक वेगळी अडचण आहे. मराठीतही ‘संधिवात’ आणि कन्नडमध्येही ‘संधिवात’. शब्द एकच, आणि त्यात सगळेच कोंबलेले. सत्तरीतल्या आजोबांचा झिजलेला गुडघाही संधिवात आणि पस्तिशीतल्या सुनेची सुजलेली बोटेही संधिवात. डॉक्टरांनी विचारले, तर घरचे म्हणतात, ‘संधिवात आहे थोडा, वयाप्रमाणे.’ पण सकाळी उठल्यावर तासभर बोटे वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, हे वयाप्रमाणे नव्हे. छातीच्या डॉक्टरांना हे सांगायला हवे. खोकल्याचा आणि बोटांचा काय संबंध, असे वाटून कुणी सांगत नाही.

आता स्कॅनमध्ये काय दिसते ते पाहू. हवेने भरलेले फुफ्फुस स्कॅनमध्ये काळे दिसते. त्यात सूज किंवा पाणी आले की तो भाग राखाडी-पांढरा होतो, न्हाणीघराच्या खिडकीला लावतात त्या दुधी काचेसारखा. आतल्या रक्तवाहिन्या पुसट दिसत राहतात. आमच्या अहवालातले ‘ग्राउंड ग्लास’ ते हेच. कोरोनात ही दुधी काच बहुधा दोन्ही बाजूंना, फुफ्फुसाच्या कडेला, पाठीकडच्या आणि खालच्या भागात दिसे. स्वयंप्रतिकार आजारातही ती दोन्ही बाजूंना आणि खालच्याच भागात असते. नुसते एक चित्र पुढे ठेवून ‘ओळखा’ म्हटले, तर अनुभवी माणूसही काही वेळा थांबेल.

तरी चित्रात खुणा असतात. स्वयंप्रतिकार आजाराच्या एका नेहमीच्या प्रकारात फुफ्फुसाच्या आवरणाला लागून असलेली बारीक पट्टी कोरी राहते, साडीच्या काठासारखी. श्वासनलिकांच्या फांद्या ताणल्यासारख्या रुंद आणि वेड्यावाकड्या होतात, कारण भोवतालची जाळी आकसून त्यांना ओढत असते. आमवातात पुष्कळदा तळाशी मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसतात. ही ओढाताण आणि ही पोळी चार दिवसांच्या तापात तयार होत नाहीत, त्यांना महिने किंवा वर्षे लागतात. विषाणूचे चित्र याउलट भराभर पालटते. कोरोनात साधारण दुसऱ्या आठवड्यात ते सर्वांत वाईट दिसे आणि पुढच्या आठवड्यांत बहुतेकांचे निवळू लागे. म्हणून मला एका स्कॅनपेक्षा दोन तारखांचे दोन स्कॅन जास्त सांगतात.

खानापूरकडच्या एका बाईंची हकीकत सांगते. वय पन्नाशीच्या पुढे. मे २०२१ मध्ये ताप आणि खोकला. आरटीपीसीआर निगेटिव्ह, स्कोअर तेरा. त्या दिवसांत अशा पुष्कळांवर कोरोना समजूनच उपचार होत, आणि तसे ते झाले. स्टिरॉइड दिले, थोडा उतार पडला, त्या घरी गेल्या. गोळ्या कमी करत आणल्या आणि जुलै संपता संपता पुन्हा धाप लागू लागली. एके ठिकाणी ‘कोरोनानंतरचा फायब्रोसिस, हळूहळू जाईल’ असे सांगितले गेले. ऑगस्टमध्ये नवा स्कॅन माझ्यापुढे आला. खाली दोन्हीकडे दुधी काच, आवरणाजवळ कोरी पट्टी, ओढलेल्या श्वासनलिका. आणखी एक गोष्ट होती. अन्ननलिका रुंद होऊन तीत हवा भरली होती. फुफ्फुसांच्या आजारात अन्ननलिकेकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण स्क्लेरोडर्मात ती सैल पडते.

मी मेमधली सीडी मागवली. ताप येऊन चारच दिवस झाले असतानाच्या त्या स्कॅनमध्येही श्वासनलिका तशाच ओढलेल्या होत्या. मग विचारले, त्याआधी छातीचा एक्स-रे कधी काढला होता का? मुलगा ‘नाही’ म्हणाला. सुनेला आठवले, २०१८ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढला होता. सून धारवाडकडची, कन्नड बोलणारी. हात कधी दुखतात का, असे मी विचारल्यावर तिनेच सांगितले, ‘थंड्याग बेरळु बेळ्ळग आगतावरी.’ थंडीत सासूबाईंची बोटे पांढरी पडतात. बेळगावची जानेवारीतली थंडी आपल्याला ठाऊक आहे, नळाखाली भांडी घासताना कुणाचीही बोटे बधिर होतात. पण चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी, मग निळी, मग लाल होणे ही निराळी गोष्ट. स्क्लेरोडर्मात फुफ्फुसाच्या कितीतरी वर्षे आधी हे सुरू झालेले असू शकते.

ट्रंकेतून २०१८ ची फिल्म आली. तळाशी दोन्हीकडे बारीक जाळी होती. त्या वर्षी कोरोना जगात नव्हता. पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या. एएनए आणि एससीएल-७० दोन्ही पॉझिटिव्ह. संधिवात तज्ज्ञांनी बोटांवरची ताणलेली कातडी चिमटीत धरून पाहिली आणि निदान पक्के केले. मे महिन्यात त्यांना विषाणूही झाला असेल का? असेलही. दोन आजार एकाच माणसात असू शकतात. पण फुफ्फुसाची जाळी त्याच्या कितीतरी आधीची होती. स्क्लेरोडर्मात स्टिरॉइडचे मोठे डोस एरवीही जपूनच देतात, कारण रक्तदाब एकाएकी चढून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. आता त्या मायकोफेनोलेट घेतात. फुंकण्याच्या तपासणीचे, म्हणजे स्पायरोमेट्रीचे, आकडे स्थिर आहेत. जिना चढताना धाप मात्र लागते, ती गेली नाही.

स्टिरॉइडमुळे होणारा घोटाळा मुद्दाम सांगते. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले की ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात. तेच औषध स्वयंप्रतिकार आजाराची सूजही दाबते. त्यामुळे ‘औषधाने बरे वाटले, म्हणजे कोरोनाच होता’ हा हिशेब चुकतो. गोळी कमी केली की त्रास परत येतो, असे घडले तर पुन्हा विचार करायला हवा.

उलटी बाजूही तितकीच खरी. आमवाताचा जुना रुग्ण, मेथोट्रेक्सेट चालू, आणि अचानक ताप व धाप. आता ही दुधी काच कशाची? जुन्या आजाराची, औषधाची, विषाणूची, की प्रतिकारशक्ती दबलेली असताना होणाऱ्या न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीची? सांध्यांचा आजार आहे म्हणून स्टिरॉइड वाढवले आणि आत जंतू असला तर जिवावर बेतते. अशा वेळी थुंकी, घशातला स्वॅब, कधी दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन घेतलेले पाणी, या तपासण्यांवाचून गत्यंतर नाही. स्नायूदाहाचा एक प्रकार तर काही आठवड्यांतच फुफ्फुसे व्यापतो आणि स्कॅनवर हुबेहूब कोरोनासारखा दिसू शकतो. तिथे पापण्यांवरचा जांभळट रंग, बोटांच्या पेरांवरचे चट्टे, बोटांच्या कडांना पडलेल्या भेगा माझ्या चित्रापेक्षा जास्त बोलतात. या खुणा डॉक्टरला दिवसाउजेडी, हात हातात घेऊन पाहाव्या लागतात.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे वाळूच्या साच्यांवर काम केलेल्यांनी ते काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या वाळूतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो हे पुष्कळांना माहीत आहे. आमवात आणि स्क्लेरोडर्माचा धोकाही तिने वाढतो, हे फारसे कुणाला माहीत नसते. कबुतरे आणि दमट कूलर हे आणखी एक प्रकरण, पण त्यावर वेगळा लेखच लागेल.

स्कॅनची भीतीही पुष्कळांना असते. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सी.टी. म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे असे म्हटले होते, आणि आमच्या रेडिओलॉजिस्ट संघटनेने, नव्या यंत्रांत किरण त्याहून पुष्कळच कमी असतात, असे सांगून हरकत घेतली होती. माझे मत विचाराल तर साध्या सर्दी-तापाला स्कॅन नको. पण न्यूमोनिया म्हणून उपचार होऊन सहा-आठ आठवडे झाले, तरी कोरडा खोकला (‘ओण केम्मु’) आणि धाप जात नसेल, किंवा डॉक्टरांना पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर चपलेचा व्हेल्क्रो पट्टा उघडल्यासारखा आवाज येत असेल, तर तो टाळू नये. स्कॅन करताना आम्ही कधी पालथे झोपायला सांगतो, त्याने गोंधळू नका. उताणे झोपल्याने पाठीकडे जो नुसता भार दिसतो तो पालथे झाल्यावर नाहीसा होतो, खरा आजार तिथेच राहतो. श्वास भरून रोखायला सांगितले की मात्र खरोखर रोखा. अर्ध्या श्वासात काढलेल्या चित्रात निरोगी फुफ्फुसही धुरकट दिसते.

येताना जुन्या फिल्म आणा, अगदी दहा वर्षांपूर्वीच्या असल्या तरी. नुसते अहवालाचे कागद पुरत नाहीत, चित्रे हवीत. हल्लीच्या काही फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या की काळ्या पडतात, तेव्हा त्या कपाटात ठेवा. सीडी मिळाली की एकदा उघडून पाहा. काही कोऱ्याच निघतात, आणि ते दुसऱ्या गावी, मिरजेत किंवा हुबळीत डॉक्टरांपुढे बसल्यावर कळते.